फॉरमॅट मारण्याआधी: घरचा कॉम्प्युटर व्हायरस आणि हॅकरपासून कसा सांभाळायचा

जानेवारी २०२०. लग्नसराई तोंडावर आलेली. मी सांगलीत घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कधी दिवाळी अंकाची पानं. एका गिऱ्हाइकाला ठरावीक वळणाचा मराठी फॉन्ट हवा होता. तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये येतो ते महाग. एका ओळखीच्याने लिंक पाठवली, 'वहिनी, क्रॅक आहे, चालतंय.' उतरवलं, चालवलं. पाचेक मिनिटांत विंडोज अपडेट होत असल्याची चौकट पडद्यावर आली. म्हटलं, होऊ दे, आणि चहा ठेवायला गेले.

ते अपडेट नव्हतं. चौकट खोटी होती आणि तिच्या आडून माझ्या फायली एकेक करून कुलूपबंद होत होत्या. परत आले तेव्हा प्रत्येक फोटोच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी पडली होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. या जातीला रॅन्समवेअर म्हणतात. माझ्या वाट्याला आलेल्याचं नाव 'स्टॉप' किंवा 'डेजाव्यू'. घरगुती कॉम्प्युटरवर फार सापडणारा हा प्रकार, आणि त्याची नेहमीची वाट म्हणजे क्रॅक, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून फुकट केलेली प्रत.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने देते. क्रम मुद्दाम असा आहे. बहुतेक लोक सुरुवात अँटिव्हायरस विकत घेण्यापासून करतात. माझ्या मते ते काम बरंच खालचं आहे. मी विंडोज धरून लिहिते आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तेच असतं.

आधी हे जवळ घ्या

- एक बाहेरची हार्ड डिस्क, एक टीबीची पुरते. खर्चाचं म्हणावं असं या यादीत एवढंच.
- ८ जीबी किंवा त्याहून मोठा एक रिकामा पेन ड्राइव्ह.
- एक वही. हो, कागदाची.
- मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्यांचे पासवर्ड, आणि त्या खात्यांना जोडलेला मोबाइल. नंबर जुना किंवा बंद पडलेला असेल तर आधी तो बदला, नाहीतर पुढे अडकाल.
- राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो.
- एक निवांत दुपार. सगळं एका दिवसात झालं नाही तरी पहिली दोन कामं त्याच दिवशी संपवा.

१. बॅकअप

फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, सातबाऱ्याचे स्कॅन, कामाच्या फायली, जे पुन्हा मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. साधं कॉपी-पेस्ट चालतं.

यातली खरी गोष्ट पुढे आहे: कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. मी हीच चूक केली होती. माझ्याकडे बॅकअप होता, पण डिस्क कायम यूएसबीला लटकलेली. रॅन्समवेअरला ती 'ई' ड्राइव्ह म्हणून दिसली आणि त्याने तीही उरकली. जोडून ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, दुसरा बळी असतो.

'माझं सगळं वनड्राइव्हवर आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी: तिथे फायली आपोआप सिंक होतात, म्हणजे कुलूपबंद झालेली फाइलही इमानदारीत वर चढते. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह दोन्ही फायलींच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतात, त्यामुळे मागे जाता येतं. पण ते काही दिवसच. क्लाउड जरूर वापरा, कपाटातल्या डिस्कच्या जोडीला.

जाणकार याला ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांना 'घराबाहेर' का, हे २०१९ च्या पुरानंतर वेगळं सांगायला नको. माझी दुसरी डिस्क नणंदेकडे मिरजेला असते.

इथेच आणखी एक काम उरका. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय फायली वाचता येऊ नयेत अशी सोय, बरेचदा आपोआप चालू असतं. लॅपटॉप चोरीला गेला तर हे फार बरं. पण एखाद्या दुरुस्तीनंतर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला आणि ती तुमच्याकडे नसली तर स्वतःच्याच फायलींना मुकाल. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आजच बघा आणि वहीत उतरवून घ्या.

२. अपडेट, आणि विंडोज १० चा प्रश्न

सेटिंग्ज उघडा, विंडोज अपडेट, 'चेक फॉर अपडेट्स'. जे येईल ते बसवा, रीस्टार्ट करा, आणि 'अप टू डेट' दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासा.

अपडेट नेमकी कामाच्या वेळी येतात म्हणून चिडून ती बंद करून टाकणारे अनेकजण माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यासाठी दोन तारखा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला दिलं. त्याच भोकातून वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर शिरलं १२ मे २०१७ ला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट बसवलं होतं त्यांच्या मशीनवर त्या वाटेने ते शिरू शकलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नोटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्यानेही हेच भोक वापरलं, आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. इतक्या बोभाट्यानंतरही जगात न बुजवलेली मशिनं शिल्लक होतीच.

आता विंडोज १०. त्याची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. कॉम्प्युटर चालत राहतो, म्हणून कुणाला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत:

- मशीन चालण्याजोगं असेल तर विंडोज ११ घ्या. हे अपग्रेड फुकट आहे. त्यासाठी टीपीएम २.० नावाची मशीनमधली सुरक्षेची चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचंच ॲप मशीन बसतं की नाही ते सांगतं. कधीकधी टीपीएम असतो पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो, तेव्हा लगेच निराश होऊ नका.
- नसेल चालत, तर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. विंडोज अपडेटच्या पानावरच त्याची लिंक दिसते. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची.
- नाहीतर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, मेल, पत्रलेखन एवढंच करणाऱ्या घरासाठी ते पुरतं. आमच्या सासऱ्यांचा २०१३ चा डेस्कटॉप त्यावरच चालतो आणि पेपर वाचताना त्यांना फरक कळलेला नाही.

क्रोम, फायरफॉक्स, पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर, झिप उघडायचं सॉफ्टवेअर हीसुद्धा अपडेट करा. जे वर्षभर उघडलं नाही ते काढूनच टाका.

३. अँटिव्हायरस: विकत घ्यायचा का?

विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आधीपासून असतो आणि घरासाठी तो पुरेसा आहे. पुण्याच्या क्विक हीलपासून अनेक कंपन्यांची विकतची उत्पादनं आहेत. ती घेतलीत तर हरकत नाही, पण दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका. आणि लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस आधी काढून टाका. तो निघाला की डिफेंडर जागेवर येतो.

'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि हे तपासा:

- रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे का.
- 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे का. हे चालू असलं की व्हायरसला डिफेंडर गुपचूप बंद करणं अवघड जातं.
- 'एक्सक्लूजन्स'. इकडे कुणी बघत नाही. या यादीतल्या फोल्डरांकडे डिफेंडर ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही काही घातलेलं नसताना तिथे नावं दिसली, तर कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने किंवा एखाद्या क्रॅकने ती घातली आहेत. माझ्याकडे अख्खा 'सी' ड्राइव्ह तिथे होता!
- 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करा. मग अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये काही बदलता येत नाही. त्रास एकच: तुमचं नेहमीचं एखादं सॉफ्टवेअरही फाइल सेव्ह करताना अडतं. तेव्हा वैतागून सगळं बंद करू नका, तिथेच त्या एका ॲपला परवानगी देता येते.

संशय असेल तेव्हा 'ऑफलाइन स्कॅन' लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे विंडोजच्या आत लपलेल्यांनाही तो पकडू शकतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

४. क्रॅक, ॲक्टिव्हेटर आणि 'सगळं टाकून देतो ताई'

सगळ्यात जास्त लिहायचंय ते इथे, कारण माझं घर इथेच बुडालं, आणि आपल्याकडे याला कुणी चोरी म्हणतच नाही.

क्रॅकसोबत येणाऱ्या सूचना कधी नीट वाचल्यात? पहिली ओळ जवळजवळ नेहमी हीच: 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' कारणही दिलेलं असतं, की अँटिव्हायरस उगाच खोटा इशारा देतो. दुसरी खूण म्हणजे झिप फाइलला पासवर्ड असतो आणि तो शेजारीच लिहिलेला असतो, १२३४. सगळ्यांना सांगायचाय तर पासवर्ड लावला कशाला? कारण पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. तो पासवर्ड तुमच्यासाठी नसतोच.

एवढंच नाही. माझ्यावर आलेल्या प्रकारासोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही बरेचदा येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज तो घेऊन जातो. कुकी हाती लागली की ओटीपीचीही गरज उरत नाही, कारण चोर 'आधीच आत' असतो. फायली गेल्यावर आठवड्याने माझ्या ईमेलवरून लोकांना भलते निरोप जायला लागले तेव्हा हे कळलं.

मग करायचं काय? पर्याय आहेत आणि ते वाटतात तेवढे खर्चिक नाहीत:

- विंडोज: ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल तर त्याचा परवाना मशीनच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. विंडोज कितीदाही नव्याने टाका, इंटरनेटला जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. तरीही अशा लॅपटॉपवर 'पायरेटेड विंडोज' टाकून पैसे घेणारे दुरुस्तीवाले आहेत. नव्याने टाकायचंच असेल तर दुसऱ्या चांगल्या मशीनवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि तो ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवून ठेवा. असेंबल केलेला कॉम्प्युटर घेताना मात्र बिलात विंडोजची ओळ आहे का ते बघा.
- ऑफिस: लिबरऑफिस फुकट आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. शाळेचे प्रकल्प, अर्ज, हिशेब सगळं होतं.
- मराठी टायपिंग: यासाठी तर आता काहीच उतरवायला नको. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी घाला, इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांनी टाइप करायची सवय असेल तर फोनेटिक कीबोर्डही मिळतो. मुक्ता किंवा बलूसारखे देखणे देवनागरी फॉन्ट अधिकृतपणे फुकट आहेत. ज्या पत्रिकेसाठी मी क्रॅक टाकला ती शेवटी मुक्तामध्ये छापली आणि गिऱ्हाइकाने वळणाबद्दल चकार शब्द काढला नाही.

कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना 'सॉफ्टवेअर कोणतंही टाकू नका' असं स्पष्ट सांगा. 'वहिनी, सगळं टाकून देतो, फोटोशॉप पण' हे प्रेमाने म्हटलेलं असतं, हे मला मान्य आहे. तरी नाही म्हणा.

घरात मुलं गेमचे क्रॅक आणि मॉड आणत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं करा: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स. काही बसवायचं तर तुमचा पासवर्ड लागेल. तुम्हीही रोज असंच साधं खातं वापरलंत तर उत्तम. मी वापरते. पहिले आठ दिवस कटकट वाटते, मग अंगवळणी पडतं.

५. पेन ड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

तहसील कचेरीसमोरच्या कुठल्याही झेरॉक्स दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये दिवसाला किती पेन ड्राइव्ह जातात याचा विचार करा. तिथून आलेला सगळ्यांच्या ओळखीचा पाहुणा म्हणजे शॉर्टकट व्हायरस: पेन ड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण. खरे फोल्डर लपवलेले असतात. बाणावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो आणि फोल्डरही उघडतो, म्हणून शंका येत नाही.

बाण दिसला की हात आवरा. आधी डिफेंडरने पेन ड्राइव्ह स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स' दाखवा. तेवढ्याने फोल्डर दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधल्या 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. खरे फोल्डर दिसतील, ते कॉपी करून घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

छपाईसाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त छापायची पीडीएफ. दुकानातून आला की फॉरमॅट. त्याहून सोपं, फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा, तुमच्या फोनवरून. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपलं जीमेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडायचं नाही. उघडून झालं असेल तर फोनवर व्हॉट्सॲपमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जा आणि अनोळखी मशीन काढून टाका. माझ्या जावेच्या यादीत दीड वर्षापूर्वीचं एक सेवा केंद्र निघालं होतं.

६. पडद्यावरची फसवणूक ओळखणं

विंडोज फायलींच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. त्यामुळे 'वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल तुम्हाला 'वीजबिल.पीडीएफ' दिसते. युक्ती फार जुनी आहे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस प्रेमपत्राचं सोंग घेऊन जगभर पसरला तेव्हा त्याच्या फाइलचं खरं शेपूट 'व्हीबीएस' होतं, लोकांना दिसत होतं 'टीएक्सटी'. पंचवीस वर्षं उलटली तरी लपवणं चालूच आहे. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. कुणी पाठवलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, एमएसआय, बॅट, व्हीबीएस किंवा जेएस दिसलं तर उघडू नका.

आता अलीकडचा प्रकार, आणि हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. एखादी साइट म्हणते, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा', आणि चित्रं निवडायला सांगायच्या ऐवजी बटणं दाबायला सांगते: विंडोजचं बटण आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. हे केलंत की तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा आपल्या मशीनवर चालवलीत. साइटने ती आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. अँटिव्हायरस इथे बरेचदा गोंधळतो, कारण बटणं तर मालकानेच दाबली. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही.

मग ते भोंगा वाजवणारं लाल पान: 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा.' काही लॉक झालेलं नसतं. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'मागची पानं आणू का' याला नाही म्हणा. त्या नंबरवर फोन केलात तर गोड बोलणारा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो. ती सॉफ्टवेअरं खरीच आहेत, फक्त तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो.

कोपऱ्यात सारख्या 'व्हायरस सापडला' अशा पट्ट्या येतात का? तो बहुधा व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनसाठी 'अलाउ' म्हटलेलं असतं, तीच साइट जाहिराती सोडते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाका. सासूबाईंच्या कॉम्प्युटरवरचा 'व्हायरस' मी याच रीतीने दोन मिनिटांत काढला. बाहेरच्याने पाचशे रुपये सांगितले होते.

जाहिराती अडवण्यासाठी फायरफॉक्सवर 'यूब्लॉक ओरिजिन' आणि क्रोमवर त्याचीच 'लाइट' आवृत्ती टाका. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी जाहिरात हीच पुष्कळदा खोट्या डाउनलोडची लिंक असते.

७. पासवर्ड

सगळे एका दमात बदलायला जाऊ नका, कंटाळून सोडून द्याल. आधी फक्त ईमेलचा. ईमेल ज्याच्या हाती, त्याला बाकीच्या खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलून घेता येतात. मग बँक, मग बाकी.

चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा, खलबत्ता-पोपट-डांबर-सोमवार असे काहीतरी (हेच घेऊ नका). अभंगाची ओळ किंवा मुलांची नावं नकोत. प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, म्हणून बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारं सॉफ्टवेअर, वापरा. ते जमत नसेल तर वहीत लिहा. लोक याला हसतात, पण परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. वहीचा फोटो काढून फोनमध्ये मात्र ठेवू नका.

ईमेलला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', म्हणजे पासवर्डनंतर दुसरी खातरजमा, लावा आणि त्याचे बॅकअप कोड वहीत उतरवा. फोन हरवला तर तेच कामाला येतात.

८. राउटर आणि कॅमेरे

फायबर जोडायला आलेला मुलगा वायफायचा पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकून जातो. अख्ख्या सोसायटीला तो नंबर माहीत असतो. बदला. त्याशिवाय राउटरच्या आतला वेगळा ॲडमिन पासवर्ड असतो, तोही बदला. लेबलवर दिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाकला की ते पान उघडतं. तिथेच वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडायची सोय) बंद करा, बाहेरून राउटर चालवायची सोय म्हणजे 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा, आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट असेल तर घ्या.

घरात सीसीटीव्ही असेल तर त्याचाही कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ होती फक्त कारखान्यातून आलेल्या साठ-बासष्ट पासवर्डांची यादी.

९. तरीही झालंच तर

फायलींची नावं बदलताना दिसली की पहिलं काम: वायफाय बंद करा, केबल काढा, बाहेरची डिस्क आणि पेन ड्राइव्ह उपसा. नावं बदलतच असतील तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन सरळ बंद करा. नंतर त्यातलं काही मिळवण्यासाठी ते उघडायचं असलं तरी नेटशिवाय उघडा.

दुसरं: लगेच फॉरमॅट मारू देऊ नका. माझा दुरुस्तीवाला म्हणाला, 'वहिनी, काही मिळत नसतं, फॉरमॅट मारून देतो.' लेकीने हट्ट धरला म्हणून कुलूपबंद फायली आम्ही तशाच एका डिस्कवर काढून घेतल्या. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. त्याच्या साइटवर एक कुलूपबंद फाइल आणि चिठ्ठी दिली की कोणता प्रकार आहे आणि त्याची मोफत किल्ली आहे का, ते कळतं. आज नसलेली किल्ली पुढे कधी सापडू शकते. स्टॉप-डेजाव्यूसाठी एम्सिसॉफ्टचं मोफत साधन आहे. जुन्या आवृत्त्यांवर ते चालतं. नव्यांवर चिठ्ठीतला आयडी 'टी१'ने संपत असेल तर आशा असते. माझा संपत नव्हता. फोटो गेले ते गेलेच.

पण एक गोष्ट मिळाली. हे रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच बिघडवतं. छोटा फोटो त्यात संपतो, मोठी ध्वनिफीत संपत नाही. आजेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी २०१६ मध्ये वेव्ह फायलींत रेकॉर्ड केल्या होत्या. 'मीडिया रिपेअर' नावाच्या फुकट साधनाने त्या परत आल्या, प्रत्येकीचा पहिला जेमतेम एक सेकंद सोडून. फॉरमॅट मारलं असतं तर तेही गेलं असतं.

तिसरं: सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बदला आणि प्रत्येक खात्यात 'सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट' करा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात. बिघडलेल्याच मशीनवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तोही हाती देणं. हे उरकल्यावर मग विंडोज नव्याने टाका.

खंडणी देऊ नका. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कुणी घेत नाही.

पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता येतात, म्हणून पहिले तास महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिलीत तर तुमच्यावर भार पडत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र खबर देईपर्यंतचं नुकसान तुमचं.

नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. सोबत हे ठेवा:

- ओळखपत्र
- व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम, बँकेच्या एसएमएससह
- खात्याचा त्या दिवसांचा उतारा
- खंडणीची चिठ्ठी, फसव्या पानाचे, चॅटचे आणि नंबरांचे स्क्रीनशॉट
- काय कधी घडलं ते क्रमाने लिहिलेलं अर्धं पान

चॅट रागाने डिलीट करू नका, चोराला ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रार दाखल झाली की एक क्रमांक मिळतो. बँकेशी पुढचा प्रत्येक संवाद त्या क्रमांकावर चालतो, तेव्हा तो वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.